न पाहिलेल्या बँडचं चित्र

९ ऑगस्ट १९७५ रोजी कोलकात्यात दूरदर्शनचं केंद्र सुरू झालं. त्याच वर्षी शहराच्या दक्षिण भागात, नाकतल्यात राहणाऱ्या गौतम चट्टोपाध्याय या तरुणाने भाऊ, नातलग आणि मित्र जमवून बंगाली गाण्यांचा एक बँड उभा केला. गिटार, ड्रम आणि व्हायोलिनच्या सोबतीला बाउलांची लय, आणि गाण्याचा विषय म्हणजे भोवतीचं धास्तावलेलं शहर. नाव त्यांनी घेतलं जीवनानंद दासांच्या एका कवितेतून : महीनेर घोडागुली, म्हणजे महीनचे घोडे. त्याच नोव्हेंबरात इंग्लंडच्या क्वीन या बँडने ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’साठी चित्रफीत तयार केली आणि गाण्याच्या जाहिरातीला चित्र हवंच, हा रिवाज तिथून पक्का होत गेला. आणि त्याच वर्षी अमेरिकेत कँडी फाँग या चाहतीने ‘स्टार ट्रेक’ मालिकेतल्या स्थिर चित्रांच्या स्लाइड एका गाण्यावर क्रमाने दाखवल्या. चाहत्यांनी करायच्या व्हिडिओंची परंपरा तिच्यापासून मोजतात. कोलकात्यातल्या मुलांना या दोन्ही गोष्टींची वार्ता असण्याचं कारण नव्हतं. पण बँडने स्वतःचं चित्र करणं आणि चाहत्याने बँडचं चित्र करणं या दोन वाटा ज्या वर्षी फुटल्या, त्याच वर्षी जन्मलेल्या या बँडला पहिली वाट कधीच मिळाली नाही. पुढे त्याचं जे चित्र झालं ते दुसऱ्या वाटेने, चाहत्यांच्या हातून.

सत्तरच्या दशकात या बँडच्या तीनच छोट्या तबकड्या निघाल्या : १९७७ मध्ये ‘संविग्न पाखीकूल ओ कोलकाता विषयक’, १९७८ मध्ये ‘अजाना उडन्त वस्तु वा अ-उ-ब’ आणि १९७९ मध्ये ‘दृश्यमान महीनेर घोडागुली’. सगळी मिळून गाणी बोटांवर मोजण्याइतकीच. तेव्हा बंगाली गाण्याचा बाजार दुर्गापूजेभोवती फिरत असे. आपल्याकडे दिवाळी अंकांची वाट पाहावी तशी तिथे पूजेच्या नव्या गाण्यांची वाट पाहिली जाई आणि एचएमव्ही त्या गाण्यांच्या शब्दांची पुस्तिकाही काढत असे. या बाजारात असल्या गाण्यांना जागा नव्हती. श्रोत्यांनी त्यांना फारसं जवळ केलं नाही आणि १९८० नंतर थोड्याच काळात मंडळी पांगली. त्या दिवसांची मोजकी छायाचित्रं आजच्या श्रोत्यापर्यंत पोहोचली आहेत. चालतीबोलती चित्रं जवळपास नाहीतच. गौतम चट्टोपाध्याय पुढे चित्रपटांकडे वळले, त्यांच्या ‘नागमती’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ज्या माणसाला कॅमेऱ्याची इतकी जाण होती, त्याच्याच बँडचं चित्र मागे उरू नये, ही मला या कहाणीतली सगळ्यांत बोचरी गोष्ट वाटते.

आज या गाण्यांवर चाहत्यांनी केलेले व्हिडिओ आहेत. कुणी गल्लीबोळांत मोबाइल घेऊन हिंडून चित्रण करतं, कुणी जुनी छायाचित्रं जुळवतं, कुणी एकेक चौकट हाताने रेखाटतं. पुढच्या पिढीच्या बंगाली बँडांचंही, १९९२ च्या कॅक्टसचं किंवा १९९८ च्या फॉसिल्सचं, असंच आहे. फरक एवढाच, की त्यांच्यापाशी स्वतःचे अधिकृत व्हिडिओ आहेत आणि चाहत्यांचं काम त्यांच्या शेजारी उभं राहतं. या सगळ्या उद्योगाकडे पाहायच्या दोन नजरा रूढ आहेत. एक म्हणते, पोरांचा खेळ आहे; दुसरी म्हणते, चोरी आहे. मला दोन्ही चुकीच्या वाटतात. चाहत्याचा व्हिडिओ हे गाण्याचं वाचन असतं, समीक्षा असते. आणि जिथे मूळ चित्रच नाही तिथे तो दस्तऐवजही होतो. बंगालीपुरतं बोलायचं तर हे वाचन झालं नसतं तर यातली काही गाणी नव्या श्रोत्यापर्यंत आलीच नसती.

समीक्षा हा शब्द मी सैलपणे वापरत नाही. व्हिडिओ करणाऱ्याला गाण्याबद्दल जितके निर्णय घ्यावे लागतात, तितके ऐकणाऱ्याला कधीच घ्यावे लागत नाहीत. चार मिनिटांचं गाणं टाइमलाइनवर मांडलं की पहिला प्रश्न येतो तो कट कुठे करायचा हा. नवखा माणूस ड्रमच्या प्रत्येक ठोक्यावर कट मारतो, आणि चित्र कवायत केल्यासारखं दिसू लागतं. जाणता माणूस ठोका सोडून गायकाचा श्वास पकडतो, ओळ संपल्यावरही चित्र थोडं रेंगाळू देतो, व्हायोलिन वर चढत असताना दृश्य हलवत नाही. असं करायचं तर गाण्यातलं व्हायोलिन नेमकं काय करतं आहे हे त्याला आधी कळावं लागतं. तांत्रिक बाबीही त्याला अशाच शिकाव्या लागतात. मोबाइल बहुधा सेकंदाला ३० चौकटी टिपतो आणि आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. त्यामुळे ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकतं. मग तो २५ चौकटींवर येतो, शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर ठेवतो. संपादनाची चांगली सॉफ्टवेअर फुकट मिळतात. खर्च होतो तो वेळ. एक गाणं इतक्या वेळा आणि इतक्या बारकाईने ऐकणारा माणूस वृत्तपत्रातल्या संगीतसमीक्षकांतही विरळाच.

हे वाचन फसतंही, आणि कुठे फसतं ते पाहण्यासारखं आहे. कोलकात्यावरच्या अशा व्हिडिओंत ट्राम, पिवळी टॅक्सी, हावडा पूल, कुमारटुलीतल्या अर्ध्या घडलेल्या मूर्ती आणि हातरिक्षा ही चित्रं इतक्या वेळा येतात, की पर्यटन खात्याची जाहिरात चालू आहे असं वाटावं. गाणं शहराच्या एकटेपणाचं आणि चित्र त्याच्या सजावटीचं. असा व्हिडिओ मी बेलाशक वाईट म्हणेन. पण तीच ट्राम महीनेर घोडागुलीच्या गाण्यावर आली तर तिचं वजन बदलू शकतं. ज्या कवीकडून बँडने नाव घेतलं ते जीवनानंद दास १४ ऑक्टोबर १९५४ रोजी रासबिहारी अॅव्हेन्यूवर ट्रामच्या धडकेने जखमी झाले आणि आठवड्याभराने, २२ ऑक्टोबरला गेले. हे ठाऊक असलेला चाहता ट्राम दुरून, रुळांच्या पातळीवरून, आवाजाआधी येताना दाखवतो, तेव्हा त्या एका दृश्यात कवी, नाव आणि गाणं यांचं नातं येऊन बसतं. एकच वस्तू एका हातात भरताड होते आणि दुसऱ्या हातात अर्थ. साहित्याची समीक्षा याहून वेगळं काय करते?

दस्तऐवज म्हणून या व्हिडिओंची किंमत आत्ताच दिसायला लागली आहे. घोड्यांनी ओढलेली ट्राम कोलकात्यात १८७३ मध्ये पहिल्यांदा धावली. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य सरकारने मैदान ते एस्प्लनेड हा वारशाचा मार्ग तेवढा ठेवून बाकी ट्राम बंद करण्याचा इरादा जाहीर केला. उत्तरपाड्याजवळच्या कारखान्यात अॅम्बॅसडर गाडी बनणं २०१४ मध्येच थांबलं, आणि टॅक्सीला पंधरा वर्षांचीच मुदत देणाऱ्या नियमाने याच गाडीच्या पिवळ्या टॅक्सी एकेक करून रस्त्यावरून उतरत आहेत. दहा-पंधरा वर्षांपूर्वी एखाद्या विद्यार्थ्याने गाण्यासाठी म्हणून टिपलेला रस्ता आज त्या रूपात उरलेला नाही. माहितीपट करणारा माणूस स्मारकं टिपतो. चाहता टिपतो गाणं ऐकत ज्या रस्त्याने तो रोज चालतो तो रस्ता, चहाचं दुकान, मेट्रोचा जिना, पावसाने तुंबलेला चौक. अशा साध्या जागांची नोंद दुसरं कोण ठेवतं? विनामोबदला जपणुकीची या शहराची परंपरा जुनीच आहे. कॉलेज स्ट्रीटजवळच्या टेमर लेनमध्ये संदीप दत्त यांनी १९७८ साली स्वतःच्या घरी लिटल मॅगझिनांचं ग्रंथालय सुरू केलं आणि २०२३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते चालवलं. ती नियतकालिकं काढणाऱ्यांकडे पैसा नव्हता, मोठ्या संस्थांना ती जपण्यासारखी वाटत नव्हती. आपल्याकडच्या साठच्या दशकातल्या अनियतकालिकांचं काय झालं हे आठवलं, तर अशा माणसाचं मोल मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

मराठी वाचकाच्या मनात आता एक आक्षेप आला असेल, आणि तो वजनदार आहे. आपलं भावगीत चित्राशिवाय जगलं. अरुण दात्यांचं ‘शुक्रतारा’ ऐकताना ज्याच्या त्याच्या मनात ज्याची त्याची संध्याकाळ उगवते. उद्या कुणी त्यावर बागेतली दोन माणसं दाखवली तर ती संध्याकाळ मावळेल. गाण्याला चित्र चिकटवलं की ऐकणाऱ्याची कल्पना पांगळी होते, असा हा मुद्दा. अधिकृत व्हिडिओंच्या बाबतीत मला तो पटतो. तो एकच असतो, पैशाच्या जोरावर सगळीकडे वाजतो आणि गाण्यावर कायमचा बसतो. चित्रपटगीतांचं तर हे रोजचंच आहे, नटाचा चेहरा वगळून ती ऐकताच येत नाहीत. चाहत्यांचे व्हिडिओ मात्र एकाच गाण्याचे दहा असतात आणि दहाही एकमेकांशी जमत नाहीत. एकाला त्या गाण्यात प्रेमभंग दिसतो, दुसऱ्याला नक्षल चळवळीत हरवलेला मित्र. गौतम चट्टोपाध्याय स्वतः त्या चळवळीत होते, तुरुंगात गेले होते आणि नंतर काही काळ बंगालबाहेर मध्य प्रदेशात राहिले. तेव्हा हे दुसरं वाचनही हवेतलं नाही. दहा वाचनं शेजारी ठेवली की पाहणाऱ्याला अकरावं सुचतं. कल्पनेला धोका असतो एकाच चित्राच्या मक्तेदारीचा, आणि चाहते नेमकी तीच मोडतात.

बँडला हे मान्य असतं का, हा प्रश्नही विचारायला हवा. या बाबतीत पुरावा खुद्द गौतमबाबूंनीच ठेवला आहे. वीस वर्षांनी, १९९५ च्या पुस्तक मेळ्याच्या सुमारास ‘आबार बछर कुडी परे’ हा संग्रह आला, त्यामागून ‘झरा समयेर गान’, ‘माया’ आणि ‘ख्यापार गान’. ही बँडची गाणी बँडनेच गायलेली नव्हती. त्यावर ‘महीनेर घोडागुली संपादित’ असं लिहिलेलं असे आणि आत नव्या बँडांचे, नव्या गायकांचे आवाज होते. आपलं नाव त्यांनी एखाद्या नियतकालिकाच्या नावासारखं वापरलं : संपादक आम्ही, लिहिणारे तुम्ही. जून १९९९ मध्ये ते गेले. ज्या माणसाने हयातीतच स्वतःचं नाव पुढच्या मुलांच्या हाती दिलं, त्याच्या गाण्यावर एखाद्या मुलीने चित्र जोडलं तर ती त्याने घालून दिलेल्याच वाटेने चालते आहे. प्रत्येक बँड असा नसेल, हे खरं. ज्यांना आपल्या गाण्याला हात लावलेला चालत नाही त्यांच्या इच्छेचा मान राखावा. पण नकार कलावंताने द्यावा. त्याच्या नावाने गाणं ओळखणाऱ्या एखाद्या यंत्राने तो परस्पर देऊ नये.

गाण्यावर पहारा ठेवण्याचा एक मोठा प्रयोग बंगालने आधीच करून पाहिला आहे. रवींद्रनाथ १९४१ मध्ये गेले. त्यांच्या गाण्यांचे हक्क विश्वभारतीकडे होते, आणि ध्वनिमुद्रण बाजारात आणायचं तर विश्वभारतीच्या संगीत मंडळाची मंजुरी लागे. वाद्यमेळ जास्त झाला, ढंग बदलला, अशा कारणांनी देवव्रत विश्वासांसारख्या गायकाची मुद्रणं नाकारली गेली. शेवटी त्यांनी रवींद्रसंगीताचं मुद्रणच सोडलं आणि आपली कैफियत ‘ब्रात्यजनेर रुद्धसंगीत’ या पुस्तकात मांडली. आज त्या मंडळातल्या सभासदांची नावं क्वचितच कुणाला आठवतात; देवव्रतबाबूंचा आवाज घराघरात आहे. १९९१ च्या अखेरीस हे हक्क संपायची वेळ आली तेव्हा कायदाच बदलला आणि संरक्षणाची मुदत पन्नासची साठ वर्षं झाली. २००१ संपताना ती गाणी मोकळी झाली. त्यानंतर बँडांनी ती गिटारवर वाजवली, चित्रपटांनी वळवून घेतली, त्यातलं पुष्कळ मलाही ऐकवत नाही. पण त्या वाईट मुद्रणांनी सुचित्रा मित्रांचं किंवा कणिका बंद्योपाध्यायांचं एकही गाणं पुसलं गेलं नाही. थोर गाणं वाईट वाचनाने मरत नाही. पन्नास-साठ वर्षं जपलेल्या शुद्धतेला हे आधीच कळलं असतं, तर एका मोठ्या गायकाची उमेदीची वर्षं वाया गेली नसती.

आता कायद्याकडे येऊ, कारण चोरीचा आरोप तिथूनच येतो. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्याचं ५२ वं कलम खासगी वापर, टीका आणि परीक्षण यांसाठी रास्त वापराची सूट देतं. या सुटीचा अर्थ आपल्या न्यायालयांनी उदारपणे लावल्याचं उदाहरण केरळमधलं आहे. तोप्पिल भासींच्या गाजलेल्या कम्युनिस्ट नाटकाला उत्तर म्हणून सिव्हिक चंद्रन यांनी प्रतिनाटक लिहिलं, त्यात मूळ पात्रं आणि संवाद सढळ हाताने घेतले, आणि १९९६ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने ते टीका म्हणून रास्त ठरवलं. म्हणजे एखाद्या कृतीवर हल्ला चढवायला तिचा मोठा भाग उचलला तर कायदा पाठीशी उभा राहू शकतो. त्याच कृतीवर प्रेम असलेल्याने तिचा अर्थ लावायला ती उचलली तर त्याच्यासाठी स्पष्ट शब्दांत काहीच नाही. निंदकाचं घर शेजारी असावं हे ठीक. पण रसिकाला गावाबाहेर का ठेवायचं? दुसरी विसंगती २०१२ च्या दुरुस्तीत आहे. पहिलं मुद्रण झाल्यावर पाच वर्षांनी, सूचना देऊन आणि मोबदला भरून, कुणालाही तेच गाणं नव्याने गाऊन मुद्रित करता येतं. आवाज बदलायला कायद्याने दार ठेवलं आहे, चित्र जोडायला खिडकीसुद्धा नाही.

चाहते फुकटे असतात, कलावंताचं पोट ते भरत नाहीत, हा आक्षेप मी सगळ्यांत गंभीरपणे घेतो. बंगाली स्वतंत्र गाण्यात पैसा कधीच नव्हता आणि तबकड्या-कॅसेटींची विक्री संपल्यावर तर उरलासुरलाही गेला. म्हणून मी म्हणतो ती मोकळीक बिगरव्यावसायिक कामापुरतीच. व्हिडिओवर जाहिरात लागलीच तर ते पैसे गाण्याच्या मालकाकडे जावेत. यूट्यूबवर तशी सोय २००७ पासून आहे : यंत्र गाणं ओळखतं आणि मालक ठरवतो, बंद करायचं, नुसतं मोजायचं की जाहिरातीचं उत्पन्न घ्यायचं. बंद करण्याचा पर्याय निवडणारे मालक स्वतःचंच नुकसान करतात. चित्रपट कंपनीकडे वकील असतात, तिला हक्क विकत घेता येतात. १९९५ च्या संग्रहातल्या एका गाण्याची चाल २००६ च्या ‘गँगस्टर’मध्ये ‘भीगी भीगी’ होऊन देशभर पोहोचली. यादवपूरमधल्या विद्यार्थ्याला तेच गाणं चित्रासाठी हवं असेल तर त्याने अर्ज कुठे करायचा? आणि चाहत्यांच्या दानतीबद्दल शंका असेल तर २०२३ आठवावं. बँडच्या मूळ मंडळींपैकी तापस दास, सगळ्यांचे बापीदा, कर्करोगाने आजारी होते. तेव्हा कोलकात्यातल्या आणि बांगलादेशातल्या गायकांनी व श्रोत्यांनी त्यांच्या उपचारांसाठी पैसे उभे केले. त्या श्रोत्यांतले बहुतेक जण बँड पांगल्यानंतर जन्मले होते. त्यांना ही गाणी कुणी दिली? कॅसेटींनी, मित्रांनी आणि या व्हिडिओंनी.

जगात याची उत्तरं शोधली गेली आहेत. रेडिओहेड या ब्रिटिश बँडने २००८ मध्ये ‘इन रेनबोज’ची गाणी चाहत्यांपुढे ठेवून त्यावर अॅनिमेशनची स्पर्धा घेतली. पुढच्या वर्षी प्रागमधला त्यांचा कार्यक्रम पन्नासेक चाहत्यांनी वेगवेगळ्या कोनांतून टिपला; कळल्यावर बँडने वकिलाची नोटीस न पाठवता मूळ ध्वनिमुद्रण देऊन टाकलं आणि चाहत्यांनी त्यातून पूर्ण चित्रपट जुळवून सर्वांना विनामूल्य दिला. कॅनडाने २०१२ मध्ये कायद्यातच कलम घातलं : बिगरव्यावसायिक हेतू, मूळ कर्त्याचा शक्य तिथे उल्लेख आणि मूळ कृतीच्या बाजाराला मोठी इजा नाही, या अटी पाळल्या तर अशी नवी कृती वैध. आपल्या कायद्यात बसवायला हे अवघड नाही.

चाहत्यांकडूनही माझ्या अपेक्षा आहेत, आणि त्या मी कडकपणे सांगेन. गाण्यावर ऋत्विक घटकांच्या चित्रपटांतले तुकडे लावणं ही पळवाट आहे. ‘मेघे ढाका तारा’ १९६० चा. साठ वर्षांच्या हिशेबाने चित्रपट म्हणून त्याचं संरक्षण २०२० अखेर संपलं, म्हणून कायद्याची अडचण कदाचित येणार नाही. पण घटकांनी ज्या दुःखासाठी ती चौकट रचली ते फाळणीचं दुःख होतं. ते उचलून आपल्या गाण्याला चिकटवलं की दोन्ही कृती पातळ होतात. स्वतः बाहेर पडा, स्वतःचं शहर टिपा. रस्त्यावरच्या माणसाचा चेहरा घेताना त्याला विचारा. व्हिडिओच्या शेवटी गीतकार, संगीतकार, वादक, तबकडीचं वर्ष लिहा, कारण पुष्कळांना ही माहिती तिथेच पहिल्यांदा मिळणार असते. आणि कुठल्याही पक्षाच्या प्रचाराला तो वापरू देऊ नका.

१९७७ च्या मुद्रणावरचा हक्क २०३७ अखेर संपेल, आणि गौतम चट्टोपाध्यायांनी लिहिलेल्या-रचलेल्या गाण्यांवरचा २०५९ अखेर. पहिली तबकडी विकत घेतलेल्या श्रोत्यांपैकी किती जण तोवर असतील? म्हणून कोलकात्याच्या आणि मुंबईच्याही संगीत कंपन्यांना माझी विनंती आहे : बिगरव्यावसायिक व्हिडिओंसाठी कोणती गाणी मोकळी आणि कोणत्या अटींवर, हे एका पानावर, बंगालीत, मराठीत, साध्या भाषेत लिहून जाहीर करा. त्यासाठी कायदा बदलायची वाट पाहावी लागत नाही. मालकाची सही पुरते.